फ्रेंचचा कागद मागतो कोण, ते आधी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडमध्ये ‘फ्रेंच सर्टिफिकेट कोर्स, ए१ ते बी२’ अशा पाट्या दिसू लागतात. चौकशीला येणारे पालक आधी फी विचारतात, मग किती महिन्यांत होईल ते विचारतात. पण हा कागद शेवटी कोणाच्या टेबलावर ठेवायचा आहे, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. पैसा आणि वर्ष वाया जाते ते तिथेच. आम्ही मराठवाड्यात फ्रेंच शिकवणारे काही शिक्षक आहोत. विषय गुंतागुंतीचा असल्याने पत्र लांबले आहे, तरी कृपया संपूर्ण छापावे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. शिकवणी वर्ग संपल्यावर वर्गचालक जो कागद देतात तो हजेरीचा दाखला असतो. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘ए२’ छापलेले असले तरी फ्रान्सचे विद्यापीठ किंवा कॅनडाचे इमिग्रेशन खाते त्याला भाषेचा पुरावा मानत नाही. बारावीला बोर्डात फ्रेंचला ९५ गुण पडले असतील, तरी त्या गुणपत्रिकेने हे काम होत नाही. अधिकृत म्हणता येतील अशा परीक्षा मोजक्याच आहेत, आणि प्रत्येकीचा उपयोग वेगळा आहे.

डेल्फ आणि डाल्फ हे फ्रान्सच्या राष्ट्रीय शिक्षण मंत्रालयाचे डिप्लोमा. ते १९८५ पासून दिले जातात आणि २००५ पासून युरोपच्या सहा पायऱ्यांच्या चौकटीला जोडले गेले आहेत. ए१, ए२, बी१, बी२ या चार पायऱ्या डेल्फच्या, सी१ आणि सी२ डाल्फच्या. प्रश्नपत्रिका आणि नियम पॅरिसजवळच्या सेव्र इथली फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनल ही संस्था ठरवते. हा डिप्लोमा एकदा मिळाला की आयुष्यभर चालतो. प्रत्येक पायरी स्वतंत्र आहे, म्हणजे ए१ आणि ए२ न देता थेट बी१ ला बसता येते. ‘आधीची परीक्षा दिल्याशिवाय पुढची देता येत नाही’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. तयारी तपासायला खालची पायरी देणे वेगळे, पण तशी सक्ती नाही.

टीसीएफ ही त्याच संस्थेची चाचणी, पण तिच्यात पास-नापास नाही. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, आणि गुणांवरून तुमची पातळी कुठे बसते ते कळते. टीईएफ ही तशीच चाचणी पॅरिसच्या चेंबर ऑफ कॉमर्सची. या दोन्हींचा निकाल दोन वर्षेच चालतो. दोन्हींचे कॅनडासाठीचे वेगळे प्रकार आहेत, टीसीएफ कॅनडा आणि टीईएफ कॅनडा. नोंदणी करताना हा प्रकार अचूक निवडावा लागतो.

आपल्याकडचा सर्वांत महागडा घोळ इथेच होतो. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायम वास्तव्यासाठी उमेदवार निवडण्याच्या पद्धतीत, डेल्फ किंवा डाल्फ धरत नाहीत, तिथे टीसीएफ कॅनडा किंवा टीईएफ कॅनडाच लागते. २०२३ पासून कॅनडा फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या निवडफेऱ्या काढते, त्यामुळे आपल्या भागातले इंजिनिअर आणि नर्सिंग झालेली मुले-मुली फ्रेंचकडे वळत आहेत. दीड-दोन वर्षे डेल्फ बी२ च्या मागे घालवून, डिप्लोमा हातात आल्यावर ‘हा इथे चालत नाही’ हे कळणे फार वाईट. भाषा वाया जात नाही हे खरे, पण नव्या परीक्षेची फी, नवा प्रवास आणि निघून गेलेली निवडफेरी परत मिळत नाही. त्या फेऱ्यांसाठी चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी लागते. टीसीएफ कॅनडात त्याचा अर्थ श्रवणात किमान ४५८, वाचनात ४५३, आणि लेखन व संभाषणात २० पैकी प्रत्येकी १०. एका कौशल्यातली कमी दुसऱ्यातून भरून निघत नाही. निकालाची दोन वर्षे फक्त प्रोफाइल भरण्याच्या दिवशी शिल्लक असून भागत नाही, कायम वास्तव्याचा अर्ज करतानाही ती संपलेली नसावीत. फार लवकर परीक्षा देऊन ठेवणाऱ्यांची अडचण होते ती यामुळे. क्युबेक प्रांताची निवडपद्धत निराळी आहे, तिथे डेल्फ-डाल्फही धरतात.

उलट, फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून पदवी करायची असेल तर डेल्फ बी२ हा सर्वांत सरळ मार्ग. बहुतेक विद्यापीठे तेवढे मागतात, काही शाखा सी१ मागतात. इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांना अनेकदा फ्रेंचचा कागद लागतच नाही, म्हणून आधी त्या अभ्यासक्रमाची अट वाचावी. वेरूळ-अजिंठ्याला गाइड म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांनी आणि हॉटेल व्यवसायातल्यांनी नोकरीधंद्यासाठी असलेला डेल्फ प्रो पाहावा. त्याच्या पायऱ्या ए१ ते बी२ अशाच, पण प्रसंग कामाच्या ठिकाणचे. (तेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी सतराव्या शतकातच वेरूळची लेणी पाहून, त्यांचे वर्णन लिहून गेला होता. फ्रेंच पाहुणा आपल्याला नवा नाही.) शाळकरी मुलांसाठी डेल्फ ज्युनिअर आहे. त्याची पातळी तीच आणि डिप्लोमाही तितकाच वजनदार.

आता वेळेचे. वर्गातले तास धरले तर ए१ ला साधारण ८० ते १००, ए२ पर्यंत एकूण २०० च्या आसपास, बी१ पर्यंत ३५० ते ४०० आणि बी२ पर्यंत ५५० ते ६५० तास लागतात. घरचा अभ्यास वेगळा. रोज दोन तास आणि आठवड्याचे पाच दिवस असा हिशेब केला तर बी२ ला वर्षाहून जास्त काळ लागतो. ‘सहा महिन्यांत बी२’ ही जाहिरात या गणितात बसत नाही.

डेल्फची गुणपद्धत समजून घ्या, कारण भले हुशार विद्यार्थी तिच्यात अडकतात. श्रवण, वाचन, लेखन, संभाषण असे चार भाग, प्रत्येकी २५ गुण. एकूण ५० ला उत्तीर्ण, पण प्रत्येक भागात किमान ५ हवेतच. वाचनात २३, श्रवणात २१, लेखनात २२ आणि संभाषणात साडेचार मिळाले तर बेरीज साडेसत्तर होते, तरी निकाल अनुत्तीर्ण. मग चारही भाग पुन्हा द्यावे लागतात, जुने गुण पुढे नेता येत नाहीत. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेली मुले लेखी सरावात पक्की असतात. त्यांना धोका असतो तो बोलण्याच्या भागाचा, कारण त्याचा सराव पुस्तकावर होत नाही.

श्रवणात मुलांचे गुण का जातात, याचे कारण शिकण्याच्या पद्धतीत आहे. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची बरीच अक्षरे उच्चारत नाहीत आणि दोन शब्द एकमेकांना चिकटतात. ‘आमी’ म्हणजे मित्र हे पाठ असते, पण ध्वनिफितीत ‘लेझामी’ असे ऐकू येते आणि मुलगा ‘झामी’ नावाचा शब्द शोधत बसतो. डोळ्यांनी शिकलेली फ्रेंच कानाला ओळखू येत नाही. पहिल्या दिवसापासून प्रत्येक नवा शब्द आधी ऐकवायला हवा आणि मगच फळ्यावर लिहायला हवा.

आकड्यांचेही तसेच. ७० ला फ्रेंचमध्ये ‘साठ-दहा’ म्हणतात, ८० ला ‘चार-वीस’, आणि ९२ ला ‘चार-वीस-बारा’. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन अंकांच्या पाच जोड्यांत सांगतात. ‘साठ’ ऐकल्याबरोबर मुलगा ६० लिहून मोकळा होतो, लगेच ‘बारा’ येतो, आणि तो पुढची जोडी समजून १२ लिहितो. खरा आकडा ७२ असतो आणि तिथून पुढचा सगळा नंबर एका घराने सरकतो. आपल्या खेड्यांतली जुनी माणसे ‘चार इसा’, ‘चार इसा नि बारा’ असे मोजत. मुलांना हे इंग्रजीतल्या ‘एटी’, ‘नाइंटी’वरून शिकवण्यापेक्षा आजोबांच्या इसांवरून शिकवले तर चटकन बसते.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी आयत्या मिळालेल्या आहेत. फ्रेंच त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड म्हटले की उच्चार बिघडतो. तू आणि तुम्ही हा भेद फ्रेंचमध्ये जसाच्या तसा आहे, पण सगळे इंग्रजीतून शिकवल्याने मुले तो विसरतात आणि मित्राच्या पत्रात ‘तू’ने सुरुवात करून तिसऱ्या ओळीत ‘तुम्ही’वर जातात. परीक्षक ते लगेच हेरतात. अवघड जातो तो एक स्वर. जीभ ‘ई’साठी ठेवायची आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे. आपण त्याचा सरळ ‘उ’ करतो. फ्रेंचमध्ये ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थांचे दोन शब्द केवळ या एका स्वराने वेगळे होतात. पुस्तक टेबलावर आहे की टेबलाखाली, हे चित्र पाहून सांगताना अर्थ उलटा होऊ शकतो. अनुनासिक स्वरांनंतर आपण नकळत ‘न्’ जोडतो, तोही काढायला हवा.

लिंगाची सवय आपल्याला आहे, पण मराठी लिंग फ्रेंचवर लादून चालत नाही. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. समुद्राचेही तसेच. आणि एक चूक आम्हाला मराठी मुलांच्या वहीत हमखास सापडते. आपण ‘आंबा खाल्ला’ आणि ‘पोळी खाल्ली’ म्हणतो, क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. तीच सवय भूतकाळात उतरते आणि स्त्रीलिंगी कर्म पाहून मुले क्रियापदाला जादा अक्षर जोडतात. फ्रेंचमध्ये ‘आव्हुआर’ या साहाय्यक क्रियापदाबरोबर कर्म मुख्य क्रियापदानंतर आले तर काहीच बदलत नाही. उलट ‘जाणे-येणे’सारख्या क्रियापदांत कर्त्याप्रमाणे बदल होतो, अगदी आपल्या ‘तो गेला, ती गेली’सारखा, आणि तिथे मात्र मुले विसरतात. मराठीतूनच हा फरक सांगितला तर एका तासात समजतो.

लेखनात शब्दसंख्या ही अट आहे. ए१ ला एक अर्ज भरणे आणि किमान ४० शब्दांचा छोटा मजकूर. ए२ ला दोन मजकूर, प्रत्येकी किमान ६०. बी१ ला किमान १६० आणि बी२ ला किमान २५०. दोन मोकळ्या जागांच्या मधला भाग म्हणजे एक शब्द, अपॉस्ट्रॉफीने जोडलेले दोन शब्द एकच मोजतात. हे माहीत नसल्याने आपल्या हिशेबाने १६५ झालेला मजकूर परीक्षकाच्या हिशेबाने १५० भरतो. बी२ ला एक तास असतो आणि तिथे निबंध चालत नाही. महापौरांना पत्र, कंपनीच्या व्यवस्थापनाला निवेदन असा प्रसंग देतात आणि तुमची बाजू मांडायला सांगतात. आपली मुले ‘या प्रश्नाला दोन बाजू आहेत’ असे लिहून दोन्हींचे वर्णन करतात आणि स्वतःचे मत शेवटच्या ओळीत टाकतात. मत पहिल्या परिच्छेदात हवे, पुढे दोन-तीन मुद्दे, प्रत्येकाला एक ठोस उदाहरण. पाठ केलेली पत्रे ओळखू येतात, कारण सूचनेत विचारलेली एखादी गोष्ट त्यांत राहून गेलेली असते.

संभाषणाला ए१, ए२ आणि बी१ ला १० मिनिटे तयारीला मिळतात, बी२ ला ३०. बी२ ला दोन चिठ्ठ्या उचलून एक विषय निवडायचा असतो. तयारीच्या वेळात पूर्ण वाक्ये लिहू नयेत, मुद्द्यांचे शब्द लिहावेत. कागद वाचून दाखवणारा उमेदवार पहिल्या उलटप्रश्नाला गप्प होतो, आणि बी२ चे निम्मे मोल त्या उलटप्रश्नांतच आहे. बी१ च्या संभाषणातला दुसरा भाग, म्हणजे दुकानदाराशी तक्रार किंवा मित्राशी वाटाघाट, याला तयारीचा वेळच नसतो. तो वर्गात दोघा-दोघांना उभे करून महिनाभर रोज करून घ्यावा लागतो.

सरावासाठी पैसे खर्चण्याची गरज नाही. फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनलच्या संकेतस्थळावर प्रत्येक पायरीचे नमुना पेपर ध्वनिफितीसह मोफत आहेत. टीव्ही५मोंदच्या संकेतस्थळावर टीसीएफचा सराव आहे आणि आरएफआय सोप्या फ्रेंचमध्ये रोजच्या बातम्या देते. मात्र डेल्फचे स्वरूप २०२० पासून बदलले आहे. बाजारात फिरणाऱ्या जुन्या झेरॉक्स संचांत श्रवण-वाचनाला लिहून द्यायची उत्तरे असतात, आता पर्याय निवडायचे असतात. तो फरक पाहून मगच संच घ्यावा.

नोंदणी अर्जाबद्दल आवर्जून सांगायचे आहे. अर्जावर ‘नों’ असे लिहिलेले असते. ते इंग्रजी ‘नेम’सारखे दिसते म्हणून मुले तिथे स्वतःचे नाव लिहितात. ‘नों’ म्हणजे आडनाव, आणि स्वतःचे नाव ‘प्रेनों’च्या रकान्यात. पासपोर्टवर वडिलांचे नाव जोडलेले असेल तर इथेही ते तसेच लिहावे. डिप्लोमावर जन्मतारखेबरोबर जन्मस्थानही छापतात, आणि मराठवाड्यात हा कळीचा मुद्दा आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्यांच्या पासपोर्टवर जुने नाव आहे त्यांनी अर्जात तेच लिहावे, नव्या पासपोर्टवर नवे असेल तर नवे. पासपोर्टवर एक आणि डिप्लोमावर दुसरे असले की परदेशातला कारकून दोन्ही गावे एकच आहेत हे मानत नाही, आणि प्रतिज्ञापत्रांचे चक्र सुरू होते. परीक्षेचे बोलावणे हातात पडताच स्पेलिंग तपासा. छापून आलेला डिप्लोमा दुरुस्त करून घेणे फार कटकटीचे आहे. पहिल्या परीक्षेला मिळालेला उमेदवार क्रमांक पुढच्या सगळ्या पायऱ्यांना तोच राहतो, तो जपून ठेवा. निकालानंतर आधी उत्तीर्ण झाल्याचा तात्पुरता दाखला मिळतो आणि मूळ डिप्लोमा काही महिन्यांनी येतो. तो लॅमिनेट करू नका.

आता प्रवासाचे. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात अलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या आणि या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचे केंद्र नाही. संभाजीनगर, बीड, धाराशिवकडच्यांना पुणे आणि नांदेड, हिंगोली, उदगीरकडच्यांना हैदराबाद सोयीचे. कुठल्याही केंद्रावर नोंदणी करता येते, राहत्या राज्याची अट नाही. डेल्फची सत्रे वर्षातून ठरावीकच असतात आणि जागा लवकर भरतात. लेखी भाग आणि संभाषण वेगवेगळ्या दिवशी असू शकतात, म्हणून परतीचे तिकीट बोलावणे आल्यावरच काढावे. श्रवणाची ध्वनिफीत सुरू झाल्यावर दार उघडत नाहीत. पहाटे पोहोचणाऱ्या गाडीवर विसंबून सकाळी नऊचा पेपर गाठण्याचा बेत करू नये, आदल्या संध्याकाळी शहरात असावे. मूळ ओळखपत्र आणि निळे किंवा काळे बॉलपेन हवे, पेन्सिलीने लिहिलेले धरत नाहीत.

संभाजीनगरहून पुणे साधारण २३५ किलोमीटर आहे. मुलीबरोबर पालक, दोन दिवसांचा मुक्काम, बुडालेली मजुरी किंवा रजा असे सगळे धरले तर खालच्या पायऱ्यांना परीक्षेच्या फीपेक्षा हा खर्च जास्त होतो. मजुरी करणाऱ्या घरातली मुलगी परीक्षा देत नाही ती याच कारणाने, भाषेत कमी पडते म्हणून नाही. म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांना आमची विनंती आहे की त्यांनी पुणे व हैदराबादच्या परीक्षा केंद्रांशी बोलून वर्षातून निदान एक सत्र मराठवाड्यात घेता येईल का, हे पाहावे. त्याला लागणाऱ्या वस्तू विद्यापीठाकडे आहेत: बाहेरचा आवाज न येणारे सभागृह, चांगले स्पीकर, संभाषणाच्या तयारीसाठी एक आणि परीक्षेसाठी दुसरी खोली, प्रश्नपत्रिका ठेवायला कुलपाचे कपाट. नाही ते परीक्षक. डेल्फ तपासण्याचा अधिकार प्रशिक्षण घेऊन मिळवावा लागतो आणि तो पाच वर्षांसाठी असतो. इथल्या शिक्षकांना त्या प्रशिक्षणाला पाठवले तर बाहेरून येणाऱ्या परीक्षकांची संख्या कमी होईल. किती उमेदवार आहेत, कोणत्या पायरीचे, कोणत्या तालुक्यातले, ही यादी परीक्षा केंद्र सर्वांत आधी मागेल. ती यादी गोळा करून देण्याचे काम आम्ही करायला तयार आहोत.

आपले,
फ्रेंच शिकवणारे काही शिक्षक
छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड